वाचकांचे प्रश्न : टेक्सासवाल्यांना आपलं वऱ्हाड कसं सांगायचं?

प्रश्न : ताई नमस्कार. मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात झेडपी शाळेवर मास्तर आहे, घरचं सहा एकर कोरडवाहू वावर पण आहे. तालुक्याच्या रोटरी क्लबमधे तीन वर्षांपासून मेंबर आहे. यंदा फ्रेंडशिप एक्स्चेंजच्या टीममधे माझा नंबर लागला, टेक्सासला जायचं आहे. तिकीट आपलंच, राहणं तिथल्या मेंबर लोकांच्या घरी. त्यांच्या मीटिंगमधे आपला भाग अन आपला क्लब यावर दहा मिनिटं बोलायचं आहे. मी चाळीस स्लाइडचा पीपीटी केला, वाकाटक राजांपासून सगळं टाकलं, तर बायको म्हणते हे ऐकून लोक झोपतील. अन खरी भीती वेगळीच आहे, कोणी शेतकरी आत्महत्येचं विचारलं तं काय सांगू? तसं काही नाही म्हणू का?
— एक मास्तर, जि. यवतमाळ

उत्तर : मास्तर, वहिनी बरोबर बोलून राहिल्या. वाकाटकांना घरीच राहू द्या.

मी पण कधीकाळी अशीच गेली होती. तेव्हा ग्रुप स्टडी एक्स्चेंज नावाची स्कीम होती, रोटरीचे मेंबर नसलेले नोकरी-धंद्यातले तरुण लोक पाठवायचे अन सोबत टीम लीडर म्हणून एक रोटेरियन. आमची टीम टेक्सासमधे लबककडे होती. माझ्या भाषणात अकरा जिल्ह्यांची नावं होती, लोकसंख्या होती, पर्जन्यमान होतं, अन समोरचे आजोबा खरंच डुलक्या घेऊन राहिले होते. दुसऱ्या दिवशी त्याच आजोबांनी मला त्यांच्या कापसाच्या शेतात नेलं आणि तिथं मी दीड तास बोलली, कागद नाही काही नाही. तेव्हा कळलं की जे मीटिंगमधे बोलायला पाहिजे होतं ते मी बांधावर बोलून राहिली.

तुमच्या हातात लय मोठं भांडवल आहे, ते म्हणजे तुम्ही कापूसवाल्यांकडून कापूसवाल्यांकडे चालले. लबकच्या आजूबाजूला नजर जाईल तिथवर पऱ्हाटी, वेचायला माणूस नाही, मशीन झाडावरची बोंडंच्या बोंडं ओरबाडून नेते. त्यांना सांगा की आमच्याकडे बाया ओटी बांधून एकेक बोंड हातानं वेचतात अन किलोवर मजुरी घेतात. पहिल्या वेच्याच्या आधी सीतादही करतो, वावरात पूजा करून दहीभात शिंपडतो, ते सांगा. हे आजोबांना सांगितलं तर ते मशीनवरून खाली उतरले आणि म्हणाले परत सांग. तुमच्या वाकाटकांच्या स्लाइडला हे भाग्य लाभणार नाही.

मग इतिहास सांगायचाच असेल तर एकच सांगा. १८६१ ते १८६५ त्यांच्याकडे यादवी युद्ध झालं, दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी झाली, इंग्लंडच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेना, तेव्हा त्यांची नजर हिंदुस्थानच्या कापसावर गेली आणि त्यात आपलं वऱ्हाड आलं. भाव चढले, अमरावती-खामगावच्या बाजारात पैसा खेळायला लागला, अन १८६७ मधे तर रेल्वे नागपूरपर्यंत येऊन पोचली. लढाई संपल्यावर भाव कसे आपटले तेही सांगा, कारण ते आपल्या ओळखीचं आहे. फक्त एक करा, तुमच्या घरात भांडण लागलं अन आमच्या घरी पैसा आला असा विनोद तिथं मारू नका, मी मारला होता. टेक्सास त्या युद्धात गुलामगिरी टिकवणाऱ्या बाजूनं होतं, खोलीत एक काळे गृहस्थ बसले होते, ते हसले नाहीत आणि मग मलाही काही सुचेना.

आकडे त्यांच्या मापात द्या. पंचेचाळीस डिग्री म्हटलं की त्यांना काही वाटत नाही, ११३ फॅरनहाइट म्हणा, मग बघा. एकर मात्र त्यांना आपल्यासारखाच कळतो, तिथं हेक्टर लावून शहाणपणा करू नका. तुमचे सहा एकर ऐकून ते दोनदा विचारतील की सहाशे का. कापसाची गाठ म्हणाल तर आपली १७० किलोची, त्यांची ४८० पौंडाची म्हणजे २१८ किलोच्या जवळपास, त्यामुळे गाठीत हिशोब सांगून वाद घालू नका. मुंबई किती दूर असं विचारतील, कारण त्यांना मुंबईच माहीत असते, तर समृद्धी महामार्ग मुंबईहून नागपूरला ७०१ किलोमीटर आहे अन तुम्ही नागपूरकडचे, एवढं पुरे. टेक्सासवाल्याला लांबचं नवल वाटत नाही. फोटो दाखवायचाच तर लोणारचा दाखवा. अरिझोनातलं उल्केचं विवर त्यांच्यातल्या पुष्कळांना माहीत असतं, ते साधारण १.२ किलोमीटर रुंद, आपलं लोणार १.८ च्या आसपास आणि तेही बेसॉल्टच्या काळ्या खडकात, वर त्यात खारं पाणी. इथं थोडी फुशारकी चालते.

आता तुमची भीती. नाही म्हणू नका. ते नेटवर वाचून आलेले असतात, तुम्ही नाही म्हटलं की बाकीच्या नऊ मिनिटांवरही कोणी विश्वास ठेवणार नाही. पण रडगाणंही नको. तुमचं स्वतःचं सांगा : कोरडवाहू जमीन, पावसानं दडी मारली की दुबार पेरणी, बियाणं-खत उधारीवर, भाव आपल्या हाती नाही. २००२ मधे कापसाचं बीटी बियाणं आलं तेव्हा वाटलं अळी गेली, मग गुलाबी बोंडअळी त्यालाही पुरून उरली आणि २०१७ च्या हंगामात उभ्या पिकाची काय दशा झाली ते तुम्ही स्वतः पाहिलं असेल. सरकारनं काही केलं का असं विचारतील, तर २००६ मधे पंतप्रधान मनमोहन सिंग स्वतः आले होते, सहा जिल्ह्यांसाठी ३७५० कोटींचं पॅकेज होतं, तुमचा यवतमाळ त्यात होता. पॅकेजनं तुमच्या गावात काय झालं, काय नाही झालं, हे तुम्हीच सांगू शकता, इंटरनेट नाही. आणि उलट त्यांना विचारा, पाऊस नाही आला तर तुम्ही काय करता? त्यांचाही पुष्कळ कापूस पावसावरच आहे. आजोबा म्हणाले, पीकविमा आहे म्हणून रात्री झोप लागते, अन त्या विम्याचा बराच हप्ता सरकार भरतं. त्यानंतरची चर्चा दोन शेतकऱ्यांची होती, मी पाहुणी राहिली नव्हती. एक नक्की टाळा, विधवा बायांचे फोटो स्लाइडवर लावून मदत मागणं. त्या बायांना कोणी विचारलं होतं का?

क्लबबद्दल. रोटरी २३ फेब्रुवारी १९०५ ला शिकागोत पॉल हॅरिसनं सुरू केली हे अमेरिकेच्या लोकांना सांगू नका, त्यांच्या घरची गोष्ट त्यांनाच कशाला. (तेवीस फेब्रुवारी म्हणजे गजानन महाराज शेगावला प्रगटले तीच तारीख, साल १८७८. आमच्या क्लबमधले एक काका दरवर्षी यावर बोलल्याशिवाय राहत नाहीत.) पोलिओचं सांगा. रोटरीनं १९८५ मधे ते काम हाती घेतलं, पैसा जगभरच्या क्लबांनी दिला, टेक्सासच्याही. पण तो पैसा वीटभट्टीवर, पालांवर, एसटी स्टँडवर लेकराच्या तोंडात दोन थेंब होऊन कसा पडला हे त्यांनी पाहिलेलं नाही. आशाताई, अंगणवाडीताई, तुमच्यासारखे मास्तर, रविवारी सकाळी डोक्याला रुमाल बांधून बूथवर, लेकराच्या करंगळीवर शाईची खूण. भारतात शेवटची केस १३ जानेवारी २०११ ची, हावड्याची, आणि २७ मार्च २०१४ ला पोलिओमुक्तीचं सर्टिफिकेट. पोलिओचं बोलताना माझ्यासमोर एक म्हातारी बाई रडली, तिचा भाऊ पोलिओनं लंगडत होता.

त्याच्यासोबत एक फसलेलं काम पण सांगा, मी सांगितलं होतं. आमच्याकडच्या क्लबनं एका शाळेत पाण्याचं आरओ मशीन बसवलं, फीत कापली, फोटो पेपरात आला, अन वर्षभरात फिल्टर चोक होऊन ते बंद पडलं कारण बदलायचे पैसे कोणाच्या खात्यातून निघावे हेच ठरलं नव्हतं. मला वाटलं लाज जाईल. उलट त्यांच्या प्रेसिडेंटनं त्यांचं पार्कातलं असंच एक बंद पडलेलं कारंजं सांगितलं आणि त्या रात्री खरी ओळख झाली.

भेट म्हणून ताजमहाल नेऊ नका. तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी न्या, छोटा, चाकाचा. लेकरं बैलांचा सण कसा करतात ते सांगता येतं आणि तो शोकेसमधे उभा राहतो. संत्री नेऊ नका, विमानतळावरच फेकायला लावतील. सरकीसकट कापूस पण नको, त्यापेक्षा सेवाग्रामच्या खादीच्या सुताची एक गुंडी न्या.

प्रश्न : आम्ही दोघं नवराबायको क्लबच्या टीमसोबत जातोय, मी बचत गटाची अध्यक्ष आहे, साकोलीकडची. माझं इंग्रजी कच्चं आहे. हे म्हणतात तू नुसती हसत राहा, मी बोलतो. आणि आमच्याकडे तर कापूस नाही, मग विदर्भ म्हणून काय सांगू?
— एक ताई, जि. भंडारा

उत्तर : भाऊंना सांगा की रोटरीत बायकांना मेंबर व्हायची मुभाच जगभरात १९८९ ला मिळाली, त्याआधी तिथल्या क्लबमधेही बहुतेक पुरुषच बोलायचे, आता तुमची पाळी. इंग्रजी मोडकं असलं तरी चालतं, व्याकरणात मार्क कोणी देत नाही.

आणि कापूस नाही म्हणजे विदर्भ नाही असं कोणी सांगितलं? तुमच्याकडे धान आहे, तळे आहेत. मालगुजारी तलाव सांगा : कोहळी लोकांनी बांधलेले, पाळ कशी घातली, पाटानं पाणी वावरावावरात कसं वाटतात, गाळ कोणी काढायचा यावर भांडण कसं होतं. दिवाळीनंतर झाडीपट्टीत, म्हणजे तुमच्या पूर्व विदर्भात, रात्र-रात्र नाटकं चालतात, दोन-दोन हजार लोक शाल पांघरून थंडीत बसून पाहतात, वडसा त्याचं मोठं ठिकाण. ही नाटकं पाहायला मी मुद्दाम अकोल्याहून येते, बसमधे कंबर मोडते तरी येते. बचत गटाचं सांगताना महिन्याला किती रुपये जमा, पहिलं कर्ज कोणी कशासाठी घेतलं, फेडलं का, एवढं आकड्यांसकट सांगा. इंग्रजी आकडे तर तुम्हाला येतातच, हिशोबाची वही तुम्हीच ठेवता ना.

प्रश्न : अमेरिकेत ज्यांच्या घरी राहायचं त्या होस्ट काकू म्हणतात मला नावानं हाक मार. वयानं आईएवढ्या आहेत, जीभच वळत नाही. काय करू?
— कॉलेजचा पोरगा, अकोट

उत्तर : नावानंच मार, त्यांना तेच आवडतं. मी आठ दिवस टाळलं अन मग मागून खाकरून बोलवायची, त्यांना वाटलं मला खोकला आहे, औषध आणून दिलं.

अन तिघांनाही : क्लबचे बॅनर बदलायची पद्धत असते, तुमचा त्यांना, त्यांचा तुम्हाला. मोजून जास्तच न्या अन हातातल्या बॅगेत ठेवा. माझे मोठ्या बॅगेत होते, ती बॅग चार दिवस उशिरा आली.