शहापूरच्या आमच्या गणपती मंडळात ढोलकीवर थाप पडली की आळीपाळीने ‘या’ आणि ‘बन्नी’ ऐकू यावं, असं स्वस्तात जमेल का?

जमेल, 27 मिमीची पिझो चकती (थरथर विजेत बदलणारी), आर्डुइनो ऊनो (चकतीचं वाचन घेणारा छोटा प्रोग्रॅमेबल बोर्ड), डीएफप्लेअर मिनी (मेमरी कार्डवरच्या आवाजाच्या फाइल वाजवणारा) आणि 3 वॅटचा स्पीकर पुरे. चकती पुडीवर (कातड्यावर) नको, ढोलकीच्या खोडाला चिकटवा. तिच्या दोन तारांमध्ये 1 मेगाओहमचा रेझिस्टर आणि 5.1 व्होल्टचा झेनर (जादा व्होल्टेज अडवणारा डायोड) जोडा, कारण जोरकस थापेला 5 व्होल्टच्या वर झटका येतो. खोड थापेनंतरही थरथरत राहतं; पुढचे 100 मिलिसेकंद वाचन सोडलं नाही तर ‘बन्नी’चं ‘ब-ब-बन्नी’ होतं. प्लेअरच्या आरएक्स (आर्डुइनोकडून हुकूम घेणाऱ्या) तारेत 1 किलोओहमचा रेझिस्टर घाला, नाहीतर खरखर. स्पीकर ढोलकीला लागून ठेवू नका, स्वतःच्याच आवाजाने सुरू होतो. मात्र लग्गीच्या (जलद ठेक्याच्या) वेगात हे चालणार नाही: प्लेअर एका वेळी एकच फाइल वाजवतो, तीही किंचित उशिराने. तिथे लॅपटॉपवर प्युअर डेटा हे आवाजाचं सॉफ्टवेअर वापरा, फुकट आहे.