वाचकांचे प्रश्न : होम थिएटरची उपकरणे तापतात तेव्हा

प्रश्न : आमचा ए.व्ही. रिसिव्हर (चित्र व ध्वनीचे संकेत घेऊन टीव्ही आणि स्पीकरना पुरवणारे यंत्र) टीव्हीखालच्या कपाटात काचेच्या दारांमागे ठेवलेला आहे. चित्रपट सुरू करून तासभर झाला की तो आपोआप बंद पडतो आणि थोड्या वेळाने पुन्हा सुरू होतो. कपाटात एक छोटा पंखा बसवून पाहिला, पण काहीही फरक पडला नाही. रिसिव्हर दुरुस्तीला द्यावा का?

उत्तर : दुरुस्तीला देण्यापूर्वी एक चाचणी करावी. स्पीकर तेच आणि आवाजही नेहमीइतकाच ठेवून, कपाटाची दारे पूर्ण उघडून एक चित्रपट शेवटपर्यंत पाहावा. रिसिव्हर बंद पडला नाही, तर त्यात बिघाड नसून त्याला दिलेली जागाच चुकीची आहे, असे खुशाल समजावे. मोकळ्यावर ठेवूनही तो बंद पडत असेल, तर आधी स्पीकरच्या तारा तपासाव्यात, कारण जोडणीच्या ठिकाणी तारेचा एखादा सुटा धागा शेजारच्या टर्मिनलला टेकला तरी संरक्षक यंत्रणा रिसिव्हर बंद करते.

आपल्या वर्णनावरून मात्र कारण उष्णतेचेच दिसते. बहुतेक रिसिव्हरमध्ये क्लास एबी नावाच्या पद्धतीचा अ‍ॅम्प्लिफायर, म्हणजे स्पीकर चालवण्यासाठी ध्वनीचा संकेत वाढवणारा भाग, असतो. या पद्धतीची कार्यक्षमता आदर्श स्थितीतही 78.5 टक्क्यांच्या आसपासच राहते आणि घरात आपण ऐकतो त्या मध्यम आवाजाला ती त्याहून बरीच खाली येते. म्हणजे घेतलेल्या विजेतला मोठा भाग ध्वनीत न जाता उष्णतेच्या रूपाने बाहेर पडतो. त्यात चित्राचे संकेत हाताळणाऱ्या चिपच्या उष्णतेची भर पडते. झाकणावरच्या जाळीतून ही उष्णता बाहेर पडावी आणि खालून थंड हवा आत यावी, अशी रिसिव्हरची रचना असते. बंद कपाटात बाहेर पडलेली गरम हवाच पुन्हा आत ओढली जाते, त्यामुळे तापमान चढत जाते.

आपल्या पंख्याचा उपयोग का झाला नाही, हेही यातूनच कळते. बंद जागेतला पंखा तीच गरम हवा फिरवत राहतो आणि स्वतःच्या मोटरची थोडी उष्णता त्यात मिसळतो. पंखा किती मोठा आहे यापेक्षा हवेला आत येण्याची आणि बाहेर जाण्याची वाट आहे की नाही, हे कितीतरी महत्त्वाचे आहे, आणि लोक नेमके याकडेच दुर्लक्ष करतात. म्हणून कपाटाची मागची फळी काढून टाकता आली तर तेवढ्यावरच बहुधा काम भागते. मात्र कपाट भिंतीला चिकटवू नये, मागे हाताचा पंजा सहज जाईल इतकी जागा सोडावी. फळी काढणे शक्य नसेल, तर तळाशी आणि मागच्या बाजूस वर अशी दोन भोके सुताराकडून पाडून घ्यावीत. गरम हवा हलकी असल्याने ती आपण होऊन वर जाते, त्यामुळे बाहेर जाण्याचे भोक वरच हवे, आणि आत येण्याचे भोक त्यापेक्षा लहान नसावे.

एवढे करूनही कपाट तापत असेल, तर वरच्या भोकाला हवा बाहेर फेकणारा पंखा बसवावा. याचा हिशेब करता येतो. कपाटातील सर्व उपकरणे मिळून 200 वॅट उष्णता देत असतील आणि आतली हवा खोलीपेक्षा 10 अंश सेल्सिअसपेक्षा अधिक तापू द्यायची नसेल, तर मिनिटाला सुमारे 1 घनमीटर हवा बदलली पाहिजे. संगणकात वापरला जाणारा 120 मिलिमीटरचा पंखा मोकळ्या हवेत एवढे काम करू शकतो. जाळी आणि अडथळ्यांमुळे त्यात घट होते, म्हणून मोठा पंखा घेऊन तो कमी वेगाने फिरवणे हितकारक ठरते. लहान पंखा जोराने फिरवला तर चित्रपटातील शांत प्रसंगात त्याचा आवाज खटकतो. ठरावीक तापमानाला आपोआप सुरू आणि बंद होणारा स्विच जोडला, तर रिसिव्हर बंद केल्यावरही कपाट थंड होईपर्यंत पंखा फिरत राहील.

प्रश्न : रिसिव्हरवर सेट-टॉप बॉक्स ठेवला तर चालेल का? आमचा रिसिव्हर कधीच बंद पडलेला नाही.

उत्तर : चालणार नाही. रिसिव्हरची जाळी झाकली जाते आणि सेट-टॉप बॉक्सलाही खालून उष्णता मिळते. बंद पडत नाही म्हणजे सुरक्षित आहे, असे मात्र मानू नये. आतील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे (वीज साठवणाऱ्या छोट्या भागांचे) आयुष्य तापमान 10 अंशांनी वाढल्यास साधारण निम्मे होते, हा इलेक्ट्रॉनिक्समधील नेहमीचा ठोकताळा आहे. हे नुकसान हळूहळू होत असल्याने दिसत नाही आणि काही वर्षांनी उपकरण अकाली निकामी होते. उपकरणे एकावर एक रचण्याऐवजी स्वतंत्र फळ्यांवर ठेवावीत आणि रिसिव्हरच्या वर माहितीपुस्तिकेत सांगितलेली जागा मोकळी सोडावी.

प्रश्न : 8 ओहमचे स्पीकर बदलून 4 ओहमचे लावल्यापासून रिसिव्हर जास्त गरम होतो. हे स्वाभाविक आहे का?

उत्तर : होय. तेवढ्याच व्होल्टेजला 4 ओहमचा स्पीकर दुप्पट विद्युतप्रवाह ओढतो, आणि त्याचा ताण आउटपुट ट्रान्झिस्टरवर, म्हणजे स्पीकरला वीज पुरवणाऱ्या रिसिव्हरमधील भागांवर, येतो. आपला रिसिव्हर 4 ओहमसाठी मान्य केलेला आहे का, हे मागच्या पट्टीवर किंवा पुस्तिकेत पाहावे. मान्य नसेल तर ते स्पीकर लावू नयेत.

प्रश्न : प्रोजेक्टर बंद केल्यावर त्याचा पंखा बराच वेळ फिरतो. वीज वाचवण्यासाठी भिंतीवरचे बटण लगेच बंद केले तर?

उत्तर : कृपया तसे करू नये. दिव्यावर चालणाऱ्या प्रोजेक्टरमध्ये उच्च दाबाचा पाऱ्याचा दिवा असतो, आणि दिवा विझल्यावरही त्याची साठलेली उष्णता बाहेर काढण्यासाठीच पंखा फिरत असतो. तो मध्येच थांबवल्यास दिव्याचे आयुष्य घटते. पंखा आपोआप थांबला की मगच बटण बंद करावे. थेट वीज तोडता येते असे पुस्तिकेत स्पष्ट लिहिलेले असेल, तरच अपवाद करावा. प्रोजेक्टर छताजवळच्या पेटीत बसवला असेल, तर बाहेर फेकलेली गरम हवा पुन्हा आत ओढली जात नाही ना, हे चालू प्रोजेक्टरच्या हवा घेणाऱ्या बाजूला हात धरून पाहावे. तिथे येणारी हवा खोलीतल्या हवेइतकीच थंड लागली पाहिजे. हवेची जाळी धुळीने भरली की पंखा अधिक जोराने फिरू लागतो, म्हणून आवाज वाढल्याचे जाणवताच वीज काढून, प्रोजेक्टर पूर्ण थंड झाल्यावर, जाळी मऊ ब्रशने साफ करावी.