वाचकांचे प्रश्न : ‘द बॉक्सर’ दाखवण्याआधी

प्रश्न : आमच्या फिल्म सोसायटीत ‘द बॉक्सर’ दाखवणार आहोत. उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टचं राजकारण प्रेक्षकांना फारसं माहीत नाही. आधी काय सांगावं? (मिरज)

उत्तर : दहा मिनिटं बोला, शेवट फोडू नका. आयआरएच्या (उत्तर आयर्लंड ब्रिटनपासून तोडून आयर्लंडला जोडण्यासाठी लढणारी सशस्त्र संघटना) नादात १४ वर्षं तुरुंगात काढलेला डॅनी फ्लिन बेलफास्टला परततो आणि कॅथलिक (बहुतेक आयर्लंडच्या बाजूचे) आणि प्रोटेस्टंट (बहुतेक ब्रिटनच्या बाजूचे) अशा दोन्हींकडच्या पोरांसाठी बॉक्सिंगची तालीम सुरू करतो, एवढी कथा पुरे. मग फळ्यावर चार तारखा लिहा. ३१ ऑगस्ट १९९४ : आयआरएची शस्त्रसंधी. ९ फेब्रुवारी १९९६ : लंडनच्या डॉकलँड्समध्ये स्फोट, शस्त्रसंधी मोडली. जुलै १९९७ : पुन्हा शस्त्रसंधी. १० एप्रिल १९९८ : गुड फ्रायडे करार, म्हणजे उत्तर आयर्लंडचा शांतता करार. जिम शेरिडनचा हा चित्रपट पडद्यावर आला डिसेंबर १९९७मध्ये, म्हणजे करार व्हायच्या आधी. आयआरएतलेच दोघे, तडजोडीकडे झुकलेला जो हॅमिल आणि बंदूक खाली ठेवायला तयार नसलेला हॅरी यांच्यात कोण टिकेल, हे तेव्हाच्या प्रेक्षकाला खरोखरच ठाऊक नव्हतं. तो ताण आपल्या प्रेक्षकापर्यंत पोचला पाहिजे.

खरा घोटाळा मॅगीपाशी, म्हणजे डॅनीच्या जुन्या प्रेयसीपाशी होतो. तिचा नवरा कैदेत आहे. कैद्याच्या बायकोने दुसऱ्या पुरुषाशी बोलणंसुद्धा तिथे चळवळीशी दगाबाजी समजली जाते. अख्खी वस्ती पहारा देते. हे सांगितलं नाही, तर लोक म्हणतात, ‘साधी प्रेमकथा, एवढा बाऊ कशाला?’ सुरुवातीचं एका कैद्याचं तुरुंगातलं लग्न नीट पाहायला सांगा : वरात नवऱ्याला आतच सोडून बाहेर पडते. मॅगीच्या आयुष्यावर काय लादलं गेलंय, ते तिथेच दिसतं.

बेलफास्टचे उच्चार जड आहेत, इंग्रजी सबटायटल्स चालू ठेवा.

प्रश्न : लंडनच्या लढतीत जिंकत असलेला डॅनी अचानक का थांबतो? नियमात हे बसतं का? (डोंबिवली)

उत्तर : बसतं, पण लढत हातची जाते. समोरचा नायजेरियन बॉक्सर थकून पार कोलमडलाय, बचावाला हात उठत नाहीत. अशा वेळी लढत थांबवणं हे रेफरीचं काम, नाहीतर थकलेल्या बॉक्सरच्या कोपऱ्यातल्या माणसांचं. दोघंही गप्प बसतात, भोवती जेवायला बसलेले सुटाबुटातले लोक आणखी मारायला सांगतात. डॅनी हार पत्करून रिंगबाहेर पडतो. डॅनी हार पत्करून रिंगबाहेर पडतो. चित्रपटाचं काळीज आमच्या मते या प्रसंगात आहे.

प्रश्न : डॅनीचं काम करणारा डॅनिअल डे-लुईस खराखुरा बॉक्सर वाटतो. कशामुळे? (पुणे)

उत्तर : त्याला बॅरी मॅकगिगनने घडवलं. १९८५मध्ये लंडनला युसेबिओ पेद्रोसाला हरवून मॅकगिगन डब्ल्यूबीए या जागतिक बॉक्सिंग संघटनेचा फेदरवेट (एक वजनगट) विश्वविजेता झाला. आयर्लंड आणि उत्तर आयर्लंडच्या सरहद्दीवरच्या क्लोन्स गावचा हा कॅथलिक आयरिश किंवा ब्रिटिश, कुठलाच राष्ट्रध्वज न घेता शांततेच्या कबुतराचं चिन्ह घेऊन रिंगमध्ये उतरायचा. चित्रपटाचा विषय त्याने जगलेला होता.

पडद्यावर ठोसे पाहू नका, पाय पाहा. नवख्या नटाचे पाय जागेला खिळतात आणि हात लांबून फिरतो. मग कट मारून, कॅमेरा हलवून ते झाकावं लागतं. इथे डाव्या हाताचा जॅब (पुढच्या हाताचा झटपट ठोसा) सरळ जातो आणि त्याच रेषेत हनुवटीपाशी परत येतो. मागे आलेला हात खाली राहिला, की उलटा ठोसा तोंडावर बसतो. ही सवय तालमीत महिनोन्‌महिने घासल्याशिवाय लागत नाही.

प्रश्न : शाळेतल्या मुलांना दाखवावा का? (लातूर)

उत्तर : नववीच्या खाली नको. गाडीतला बॉम्बस्फोट आणि शिव्या आहेत. मोठ्या मुलांना दाखवा आणि तालीम कोण जाळतं यावर बोलतं करा. मॅगीचा मुलगा लिआम याचं वय त्यांच्याच आसपासचं आहे.