तो तपकिरी थर मळाचा नाही, भाजलेल्या तेलाचा आहे

तुम्ही एकाच प्रश्नात तीन दुखणी मांडली आहेत. स्टोनवेअरच्या, म्हणजे खूप कडक भाजलेल्या मातीच्या, चौकोनी डिशच्या कोपऱ्यांत आणि कानांखाली बसलेला तपकिरी चिकट थर, आतल्या तळावर उमटलेल्या करड्या रेघा, आणि पिझ्झाच्या दगडावरचे, म्हणजे ओव्हनमध्ये ज्यावर पिझ्झा भाजतात त्या फरशीवरचे, काळे डाग. लिंबू चोळून झालं, सोडा-व्हिनेगर ओतून झालं, आता तारेची घासणी घेऊ का, असं विचारताय. ती आधी खाली ठेवा. तिघांचे उपाय वेगळे आहेत आणि एकाचा उपाय दुसऱ्याला मारक ठरू शकतो.

पहिल्यांदा भांड्याला ग्लेझ, म्हणजे काचेसारखी झिलई, कुठे आहे आणि कुठे नाही ते बघा. कोरड्या भांड्यावर पाण्याचा थेंब टाका. तो तसाच गोल बसून राहिला तर ग्लेझ आहे. दोन-तीन मिनिटांत जिरून ओला डाग दिसला तर नाही. ही तपासणी आत करा, बाहेर करा आणि भांडं उलटं करून बुडाच्या कडेवरही करा. पूर्ण झिलई केलेल्या डिशचीसुद्धा ती खालची कड बहुतेक वेळा कोरी असते, कारण तिथे ग्लेझ असतं तर भट्टीत वितळून डिश फळीलाच चिकटली असती. स्टोनवेअर साधारण १२०० ते १३०० अंश सेल्सियसला भाजलेलं असतं. इतक्या उष्णतेत मातीचा काही भाग वितळून काचेसारखा होतो आणि छिद्रं बुजतात. त्यामुळे साध्या मातीच्या भांड्यापेक्षा ते पाणी खूपच कमी पितं. पण कमी म्हणजे शून्य नव्हे, आणि त्या कोऱ्या कडेचा मुद्दा पुढे पुन्हा येणार आहे.

आता तपकिरी थर. तेल किंवा लोणी ओव्हनमध्ये पातळ पसरून तापलं, की हवेतल्या ऑक्सिजनमुळे त्याचे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि एक कडक, लाखेसारखा पापुद्रा तयार होतो. बिडाच्या तव्याला आपण मुद्दाम जो काळा थर चढवतो, तोच हा. तिथे त्याचं कौतुक, इथे त्याचा राग. लिंबाचा त्यावर उपयोग झाला नाही यात आश्चर्य नाही, कारण आम्ल पाण्यातल्या क्षारांचे पांढरे डाग काढतं, भाजलेलं तेल नाही. तेलाला अल्कली, म्हणजे सोड्यासारखा आम्लाच्या उलट गुणाचा पदार्थ, लागते. आणि सोडा-व्हिनेगर एकत्र केलंत तेव्हा फेस छान आला असेल, पण आम्ल आणि अल्कली एकमेकांना संपवतात आणि उरतं ते किंचित खारट पाणी. या दोघांची जोडी कोणी जमवली कोण जाणे, वेगवेगळे वापरले तर दोघेही कामाचे आहेत.

मी काय करते ते सांगते. डिश पूर्ण गार झाल्यावर भांड्यांच्या साबणाचे काही थेंब आणि सोसवेल इतकं गरम पाणी भरून रात्रभर ठेवते. थंडगार डिशमध्ये उकळतं पाणी मात्र कधी ओतायचं नाही. सकाळी जे सुटेल ते लाकडी उलथन्याच्या कडेने किंवा प्लास्टिकच्या खरवडणीने काढते. उरलेल्यावर खाण्याच्या सोड्याचा, अगदी थोडं पाणी घातलेला घट्ट लेप देते. कानांखाली तो ओघळतो, म्हणून वरून ओलसर फडकं किंवा प्लास्टिकची पातळ फिल्म गुंडाळायची. चार-पाच तास तसंच राहू दे. लेप वाळला की काम थांबतं, म्हणून झाकण महत्त्वाचं. मग नायलॉनच्या घासणीने त्याच लेपासकट घासायचं. खनिजांचा कठीणपणा मोजायची जी १ ते १० ची मोहस श्रेणी आहे, तिच्यात सोडा २.५ च्या आसपास येतो आणि ग्लेझ काचेच्या जवळ, म्हणजे साडेपाचच्या आगेमागे. सोड्याने ग्लेझवर ओरखडा उठत नाही तो म्हणूनच. वाळू किंवा तत्सम कठीण कण असलेली पावडर वापरली तर ही खात्री उरत नाही.

एवढ्यानेही थर हलला नाही तर सोडियम परकार्बोनेट, म्हणजे कपड्यांचे डाग काढायची ऑक्सिजनवाली पावडर. तिच्या डब्यावर घटक वाचा, सुगंध आणि रंग घातलेली नको. लिटरभर गरम पाण्यात एक मोठा चमचा घाला, हातमोजे घाला आणि डिश आधी कोमट पाण्यात ठेवून मगच या पाण्यात बुडवा. दोन-तीन तासांत थर मऊ पडतो. हे फक्त ग्लेझ केलेल्या भांड्यासाठी, आणि नंतर भरपूर पाण्याने धुऊन. ओव्हन साफ करायचे कॉस्टिकवाले फवारे मी टाळते. थर जाईल, पण वरचेवर वापरले तर ग्लेझची चकाकीही जाईल.

आणि खरं सांगू? बाहेरच्या बाजूचा थर मी हल्ली निम्मा काढते आणि सोडून देते. गुळगुळीत, न चिकटणारा, वास नसलेला डाग अन्नाला काही करत नाही. हाताला चिकट लागतो तो मात्र काढायलाच हवा, कारण तो अर्धवट भाजलेला असतो आणि पुढच्या वेळी धूर आणि खवट वास तोच देतो.

करड्या रेघा बघून तुम्ही डिश खराब झाली असं लिहिलंय. त्यावरून नख फिरवून बघा. नख अडकलं नाही तर तो ओरखडा नाहीच. सुरीचं किंवा चमच्याचं धातू ग्लेझवर घासलं गेलं आणि पेन्सिलीची रेघ कागदावर राहते तसं तिथे राहिलं, इतकंच. चमक नसलेल्या, मॅट ग्लेझवर हे जास्त होतं, कारण तो पृष्ठभाग सूक्ष्म पातळीवर खडबडीत असतो आणि कानशीसारखा धातू खरवडून घेतो. तारेची घासणी फिरवली असतीत तर एका रेघेच्या जागी शंभर झाल्या असत्या. ऑक्झॅलिक ॲसिड असलेली स्वच्छतेची पावडर मिळते, तिचा पातळ लेप मऊ फडक्याने मिनिटभर चोळा, रेघा पुसल्या जातील. हातमोजे घालाच, नंतर नीट धुवा, आणि ती पावडर क्लोरीनवाल्या ब्लीचच्या जवळपासही नेऊ नका, विषारी वायू निघतो.

नख अडकत असेल, किंवा केसासारख्या बारीक रेषांची जाळी सगळीकडे दिसत असेल, तर गोष्ट वेगळी. गार होताना ग्लेझ आतल्या मातीपेक्षा जास्त आकसलं तर ते ताणाखाली येतं आणि तडकतं. कधी हे भट्टीतून काढतानाच होतं, कधी काही वर्षांनी, माती हळूहळू ओलावा पिऊन किंचित फुगते तेव्हा. त्या जाळीत तेल आणि पाणी शिरतं. रेषा तपकिरी होत चालल्या असतील, तर मी अशा डिशमध्ये पातळ पदार्थ करत नाही, शिळं अन्न साठवत नाही. ग्लेझचा टवका उडाला असेल तर ती डिश थेट अन्नातून बाद.

पिझ्झाच्या दगडाचं सगळं उलट. त्याला ग्लेझ नसतं, आणि बऱ्याचदा तो स्टोनवेअरचा नसून कॉर्डिएराइट नावाच्या, उष्णता सोसणाऱ्या खनिजाचा असतो. भिजवायचा नाही, साबण लावायचा नाही, कारण साबण छिद्रांत शिरतो आणि पुढच्या ब्रेडला त्याची चव येते. गार झाल्यावर खरवडायचा, ओल्या फडक्याने पुसायचा, उभा करून दिवसभर वाळवायचा. काळे डाग राहू देत. वापरलेला दगड काळाच असतो. वाळवायचं ते यासाठी की पाण्याची वाफ झाली की ती साधारण सोळाशे पट जागा मागते. दगडाच्या पोटात ओल असताना तो कडक तापलेल्या ओव्हनमध्ये टाकला, तर ती वाफ मिळेल तिथून वाट काढते आणि दगड तडकू शकतो. दगडाला तेल लावा असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, त्या उष्णतेत फक्त घरभर धूर होतो.

लोक मला नेहमी विचारतात, बाराशे अंश सोसून आलेलं भांडं दोनशे अंशांत कसं फुटतं? भट्टी तिथवर चढायला आणि उतरायला कितीतरी तास घेते, आपण सेकंदात सगळं करायला जातो. भांडं फुटतं ते एका बाजूच्या आणि दुसऱ्या बाजूच्या तापमानातल्या फरकाने. शिवाय काही स्टोनवेअरच्या मातीत क्रिस्टोबलाइट नावाचा सिलिकाचा प्रकार तयार झालेला असतो, तो २२६ अंशांच्या आसपास एकदम फुगतो आणि गार होताना तिथेच आकसतो. म्हणजे नेमका आपल्या बेकिंगच्या टप्प्यात. म्हणून फ्रिजमधली डिश अर्धा-पाऊण तास बाहेर ठेवून मगच ओव्हनमध्ये, रिकामी डिश कडक ओव्हनमध्ये नाही, वरच्या लालभडक कॉइलखाली अगदी जवळ नाही, गॅसच्या ज्योतीवर तर नाहीच. ओव्हनची स्वतःला जाळून स्वच्छ करायची जी सोय असते, तिच्यात डिश ठेवून 'आपोआप साफ' करायचा मोहही नको, तिथे तापमान पाचशेच्या घरात जातं.

माझी सगळ्यात आवडती डिश मी स्वतः घालवली. ओव्हनमधून काढली आणि ओट्यावर ठेवली, जिथे दोनच मिनिटांपूर्वी कुणीतरी ओलं फडकं फिरवलं होतं. 'टक' असा छोटासा आवाज झाला. मी आधी दिवा गेला की काय बघितलं. मग रस्सा ओट्यावरून ओघळायला लागला. बुडाच्या त्या कोऱ्या कडेपासून तडा थेट वर गेला होता. तेव्हापासून ओट्यावर कोरडी लाकडी फळी कायमची.

डिशवॉशरचं विचारलंत. ग्लेझवाली डिश चालते, पण त्यातला साबण बराच अल्कली असतो आणि वर्षानुवर्षांत चमक उतरते, शिवाय आतल्या ठोकरांनी कडांचे टवके उडतात. मी हाताने धुते. ठेवताना एकात एक रचायच्या असतील तर मध्ये कागद किंवा कापड घाला, वरच्या डिशची कोरी कड खालच्या ग्लेझवर कानशीसारखी फिरते. आणि कोरी कड उशिरा वाळते, म्हणून धुतल्यावर काही तास उलटी ठेवा.

आज रात्री भिजत घालण्याआधी एक करा. रिकामी डिश तळहातावर तोलून कडेला टिचकी मारा. खणखणीत वाजली तर वरचे सगळे उपाय बिनधास्त करा. बद्द वाजली तर आत कुठेतरी तडा आहे, दिसत नसला तरी, आणि तिला ओव्हनमध्ये पुन्हा पाठवू नका. माझी दुसरी एक अशीच बद्द वाजणारी दाराजवळ किल्ल्या ठेवायला आहे.