चिखल्या : धुताय भरपूर, पुसताय का?

दिवसातून तीनदा अँटिसेप्टिक टाकून पाय धुता, तरी करंगळीजवळची बेचकी पांढरी पडते, खाजते आणि आता अंगठ्याचं नखही पिवळं झालंय, असं तुम्ही लिहिलंय. मी 22 वर्षं दारोदार मीटर रीडिंग घेत फिरलो. पावसाळ्यात सकाळी भिजलेले बूट संध्याकाळीच निघायचे, त्यामुळे चिखल्यांशी जुनी ओळख आहे.

धुण्यात तुम्ही कमी पडत नाही, पुसण्यात पडताय. बुरशीला ओल लागते, आणि शेवटच्या दोन बोटांमधली फट सगळ्यात चिंचोळी, तिथे वारा लागतच नाही. साधा साबण एकदा पुरे. मग जुन्या सुती पंचाची घडी एकेका बेचक्यात घालून टिपायचं, खसाखसा घासायचं नाही. तो पंचा फक्त पायांचा, आणि रोज धुवायचा. पावडर ओल्यावर टाकलीत तर तिचा चिखल होतो, तो वेगळाच ताप. बुटांचे दोन जोड आलटून पालटून वापरा. भिजलेल्यात रात्री वर्तमानपत्राचे बोळे कोंबा. आणि हसू नका, पण मोजे आधी घाला, चड्डी नंतर. पायाची बुरशी जांघेत जाते ती बऱ्याचदा उघड्या पायांवरून चड्डी चढवतानाच.

मेडिकलवाल्याने दिलेलं मलम आधी वाचा. त्यात स्टिरॉइड असेल तर खाज दोन दिवसांत थांबते आणि बुरशी आतून पसरत राहते. मी ही चूक केली, दोन पावसाळे भोगले. बुरशीवरचं योग्य मलमसुद्धा खाज थांबली की लगेच सोडायचं नसतं, डॉक्टरांनी सांगितलेले दिवस पुरे करायचे.

नखाबद्दल घाई नको. पिवळं नख म्हणजे बुरशीच असं नाही, घट्ट बुटाच्या माराने किंवा सोरायसिसनेही होतं. डॉक्टर नख खरवडून तपासायला देतात, त्यात कळतं. पायाच्या अंगठ्याचं नख पूर्ण नवं यायला वर्ष-दीड वर्ष लागतं, म्हणून औषध लागू पडलं तरी महिनाभरात फरक दिसत नाही. नख सरळ कापा, कोपरे खोल कोरू नका, नाहीतर ते मांसात रुततं. त्या नखाचं नेलकटर घरात दुसऱ्या कुणाला देऊ नका.

साखरेचं काही लिहिलं नाहीत. मधुमेह असेल तर गरम पाण्यात पाय बुडवून बसणं आजपासून बंद, कारण बधिर पायाला चटका कळत नाही. बेचक्यात भेग पडली असेल तर घरचे उपाय करत बसू नका, उद्याच दाखवा.