आधी लॅपटॉप उलटा कर

प्रिय पोरी,

तुझ्या बाबांचा फोन आला आणि पाठोपाठ तू पाठवलेले तीन लॅपटॉपचे फोटो. सिव्हिल इंजिनिअरिंगला नंबर लागला, छान झालं. पण फोटोंखाली ‘काका, यातला कुठला घेऊ?’ एवढी एकच ओळ होती. मलाही एका ओळीत सांगता आलं असतं. पण ते मशीन पुढची चार वर्षं तुला वापरायचंय, मला नाही. म्हणून आज शटर अर्धं ओढून लिहायला बसलोय.

बाबांनी ५५,००० बाजूला काढलेत. त्यावर रुपया चढणार नाही, हे त्यांनी मला वेगळं सांगितलं. तुला सांगितलं नसेल.

मी लॅपटॉप विकत नाही, दुरुस्त करतो. गिऱ्हाईक वरून झाकण बघून घेतं, माझी भेट होते ती खालच्या बाजूने, स्क्रू काढल्यावर. गेल्या वर्षी पावसाळ्यात एक मुलगा आला. आठ महिन्यांचा लॅपटॉप, आणि रॅम (चालू काम धरून ठेवणारी मेमरी) वाढवायची म्हणून तिची पट्टी सोबतच विकत घेऊन आला होता. मी खालचे दहा स्क्रू काढले, प्लॅस्टिकची पातळ चकती कडेने फिरवली, कव्हर टक टक करत सुटलं. आत पट्टी बसवायचा स्लॉटच नाही. पत्र्याच्या एका झाकणाखाली चार काळ्या चिपा, थेट मदरबोर्डला सोल्डर केलेल्या. तो हातातली पट्टी पुढे करून म्हणाला, ‘मग ही कुठे लावायची?’ दुकानदाराने त्याला ‘पुढे वाढवता येते की’ म्हणून सांगितलं होतं. दहाचे दहा स्क्रू परत लावले आणि पैसे घेतले नाहीत. ती पट्टी अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.

तेव्हा मशीन बघताना एकच प्रश्न धरून बस: यातलं काय पुढे बदलता येतं, आणि काय जन्माला आलं तसंच राहतं? एसएसडी (फायली साठवते ती) बदलता येते, बॅटरी बदलता येते, कीबोर्डही बदलून मिळतो. प्रोसेसर, ग्राफिक्स (चित्र दाखवणारा भाग), स्क्रीनची जात, बॉडी आणि बऱ्याच मशीनमधली रॅम हे सगळं कायमचं. स्क्रीन बदलता येते म्हणा, पण तिची किंमत ऐकलीस तर तूच नको म्हणशील.

रॅम तपासायला मशीन उघडावं लागत नाही. दुकानातल्या डेमो पीसवर कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाब. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्स, मग मेमरी. खाली बारीक अक्षरात ‘फॉर्म फॅक्टर’ लिहिलेलं असतं. समोर ‘एसओडिम’ दिसलं तर पट्टी आहे, निघते. ‘रो ऑफ चिप्स’ दिसलं तर सोल्डर आहे, विषय संपला. काही मशीनमध्ये थोडी रॅम बोर्डावर आणि शिवाय एक स्लॉट असतो, म्हणून ‘स्लॉट्स यूज्ड’ ही ओळही वाच. दुकानदार बघत राहील. बघू दे.

किती रॅम? १६ जीबी. यात घासाघीस नाही. तुझ्या कोर्सला ड्रॉइंगसाठी ऑटोकॅड लागेल, पुढे इमारतीच्या मॉडेलसाठी रेव्हिट आणि तिच्या ताकदीच्या हिशोबासाठी स्टॅड प्रो. रेव्हिट बनवणारी ऑटोडेस्क कंपनी स्वतःच अलीकडच्या आवृत्त्यांना किमान १६ सांगते. आठ जीबीतून विंडोजचा वाटा गेला, वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर ग्राफिक्सचाही वाटा त्यातूनच गेला, की तुझ्या हाती चार-साडेचार उरतात. त्यात ब्राउजरचे वीस टॅब. मी पूर्वी पोरांना सांगायचो, आठवाला घे, स्लॉट मोकळा बघून घे, दिवाळीत पट्टी टाकू. आता नाही सांगत. २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव असे चढले (एआयच्या डेटा सेंटरांनी माल उचलला) की ‘नंतर टाकू’ हे स्वस्तातलं काम राहिलं नाही.

अजून एक बारकी गोष्ट, जी कुठल्याच जाहिरातीत नसते. सोळा जीबीची एकच पट्टी आणि आठ-आठच्या दोन, यात फरक आहे. प्रोसेसरमधलंच ग्राफिक्स वापरणाऱ्या मशीनला दोन पट्ट्या असल्या की डेटाच्या ये-जा साठी दोन रस्ते मिळतात. इंटेलच्या बाराव्या पिढीत ‘आयरिस एक्सई’ ग्राफिक्स लिहिलेला प्रोसेसर एकाच पट्टीवर चालवला, तर विंडोज त्याला नुसतं ‘यूएचडी’ म्हणून दाखवतं. नावच उतरवून टाकतं. तरी एक पट्टी आणि एक मोकळा स्लॉट असेल तर मी नाक मुरडणार नाही, पुढे वाढवायला जागा राहते.

आता तुझ्या पहिल्या फोटोकडे. त्यावर इंटेलच्या आय७ प्रोसेसरचा स्टिकर आहे आणि तुझं मन तिथेच अडकलंय, हे मला कळतं. आय७ म्हणजे आय५ पेक्षा भारी, असं सगळेच धरून चालतात. स्टिकर सोड, पूर्ण नंबर वाच: आय७-१२५५यू. शेवटचं अक्षर महत्त्वाचं. ‘यू’ म्हणजे १५ वॅटच्या हिशोबाने बनवलेला, बॅटरी वाचवणारा. यात मोठे कोअर (प्रत्यक्ष काम करणारे भाग) दोन आणि छोटे आठ. तुझ्या तिसऱ्या फोटोतला आय५-१२४५०एच बघ. ‘एच’ म्हणजे ४५ वॅट, मोठे कोअर चार, छोटे चार. अर्धा तास सलग राबवायचं म्हटलं तर हा आय५ त्या आय७ ला मागे टाकतो. बदल्यात पंखा ओरडतो आणि बॅटरी लवकर उतरते. वर तो आय७ वाला आठ जीबीचा, तोही सोल्डर. तो यादीतून काढ.

दुसरा फोटो रायझन ५ चा, ७५२०यू. इथे रायझन बनवणाऱ्या एएमडीने गंमत केली आहे. या सात हजारच्या मालिकेत पहिला आकडा वर्ष सांगतो, ७ म्हणजे २०२३. पण आतली रचना किती जुनी हे तिसरा आकडा सांगतो. ७५२० मधला २ म्हणजे ‘झेन २’, ती रचना २०१९ ची. ७५३० मध्ये ‘झेन ३’, ७५४० मध्ये ‘झेन ४’. नंबर जवळजवळ सारखे, ७५२०यू मध्ये कोअर चार आणि ७५३०यू मध्ये सहा. शिवाय ७५२०यू सोबत येणारी रॅम नेहमी सोल्डरच असते. टायपिंग, बिलं, ऑनलाइन तास यांना तो पुरेसा आहे, तुझ्या मावशीला घ्यायचा असता तर मी हो म्हटलं असतं. तुला नको.

तिसरा गेमिंगचा. आरटीएक्स ३०५० हे वेगळं ग्राफिक्स कार्ड, लाल दिवे, वजन २.३ किलो आणि चार्जरची वीट वेगळी. तुझ्या दादाने सुचवला असणार. प्रामाणिकपणे सांगतो, तिन्हींत ताकद याच्याकडेच आहे. पण सिव्हिलच्या पोरीला ती ताकद कशाला, हे विचारायला हवं. ऑटोकॅडचं टूडी ड्रॉइंग बहुतेक वेळ एकाच कोअरवर चालतं, त्याला ग्राफिक्स कार्डाचं कौतुक नाही. रेव्हिटमधलं कॉलेजचं दोन मजली घर आतल्या ग्राफिक्सवर उघडतं आणि फिरतं. वेगळं कार्ड खरंच लागतं ते लुमियनसारख्या सॉफ्टवेअरवर रेंडरिंग (मॉडेलचं खऱ्यासारखं चित्र) करणाऱ्यांना, म्हणजे आर्किटेक्चरच्या पोरांना. तू आर्किटेक्चरला असतीस तर हे पत्र उलटं लिहिलं असतं. आणि कार्डाच्या नावावरही जाऊ नकोस. एकच आरटीएक्स ४०५० एका लॅपटॉपमध्ये ३५ वॅटवर चालतं, दुसऱ्यात ११५ वर. बाहेर स्टिकर तोच.

त्या २.३ किलोचा हिशोब तू अजून केलेला नाहीस. होस्टेल ते कॉलेज, कॉलेज ते लायब्ररी, शनिवारी एसटीने घरी. दीड-पावणेदोन किलोच्या वर जाऊ नकोस.

स्क्रीनबद्दल तू काहीच विचारलं नाहीस. कोणीच विचारत नाही, आणि चार वर्षं डोळे लावायचे असतात ते तिलाच. माहितीपत्रकात दोन शब्द शोध. एक ‘निट्स’, म्हणजे उजेड. या किमतीत बहुतेकांना २५० असतात, खोलीत चालतात, खिडकीपाशी किंवा साइटवर चेहराच दिसतो. ३०० मिळाले तर घे. दुसरं ‘४५ टक्के एनटीएससी’, म्हणजे रंग फिके. तुला चालेल, फोटोचं काम करणाऱ्याला चालणार नाही. पॅनेल आयपीएस हवं, म्हणजे तिरकं बघितलं तरी रंग तसेच राहतात. कोणाला न विचारता तपास: स्क्रीन मागे झुकवून वरून तिरकं बघ. रंग उलटेपालटे झाले, काळं पांढुरकं दिसलं, तर ते टीएन पॅनेल, तिथून निघायचं. आणि जमलं तर १९२०×१२०० घे, १९२०×१०८० पेक्षा १२० ओळी उंचीला जास्त. ऑटोकॅडमध्ये वर रिबन, खाली कमांड लाइन, मध्ये ड्रॉइंगला उरलेली फट. त्या १२० ओळी तिथेच कामी येतात.

एसएसडी ५१२ जीबीची, एनव्हीएमई, म्हणजे वेगवान जातीची. विंडोज ती ४७६ दाखवेल. फसवणूक नाही, कंपनी हजारात मोजते आणि विंडोज १०२४ मध्ये. ‘ईएमएमसी’ (स्वस्त, संथ साठवण) लिहिलेलं असेल तर हात लावू नकोस.

बॅटरीवर ‘दहा तास’ लिहिलेलं वाचू नकोस, वॅट-अवर वाच. ४२ वॅट-अवरची बॅटरी आणि हलक्या कामाला नऊ वॅट, भागाकार कर: साडेचार तासांच्या थोडं वर. ५० च्या पुढची मिळाली तर कॉलेजचा दिवस निघतो. चार्जिंग टाइप-सी वरून होत असेल तर उत्तम. गोल पिनचा खाचा ढिला झालेले लॅपटॉप माझ्याकडे आठवड्याला दोन तरी येतात.

आणि आता माझं पोट ज्यावर चालतं ती गोष्ट, बिजागरी. स्वस्त लॅपटॉपमध्ये बिजागरीचे स्क्रू ज्या पितळी आट्यांत बसतात, ते आटे नुसत्या प्लॅस्टिकच्या खुंट्यांत दाबून बसवलेले असतात. बिजागरी घट्ट, प्लॅस्टिक पातळ. रोज झाकण एका कोपऱ्याला धरून उघडलं की दीड वर्षात खुंटी पिचते. मी कव्हर काढतो तेव्हा आटा स्क्रूसकट बाहेर आलेला असतो आणि आजूबाजूला प्लॅस्टिकचा चुरा. अ‍ॅराल्डाइट भरून बसवतो, पण ती मलमपट्टीच. दुकानात झाकण मधोमध एका बोटाने उघडून बघ. खालचा भाग सोबत उचलला गेला तर बिजागरी फार कडक आहे. कीबोर्डच्या मधोमध अंगठा दाब, किती खचतो बघ. मग लॅपटॉप उलटा कर. खाली हवेच्या जाळ्या असतील, पंखा तिथूनच श्वास घेतो. हे लक्षात ठेवून गादीवर, गोधडीवर ठेवून वापरू नकोस.

मॅकचा विषय मैत्रिणीने काढला असेल. मशीन सुंदर, बॅटरी तर विचारूच नकोस. पण रेव्हिट आणि स्टॅड प्रो विंडोजवरच चालतात, त्यामुळे तुझ्यासाठी बाद. स्नॅपड्रॅगन (मोबाइलच्या जातीचा प्रोसेसर) वाले विंडोज लॅपटॉपही सध्या नको, इंजिनिअरिंगचं एखादं जुनं सॉफ्टवेअर नेमकं परीक्षेच्या आठवड्यात अडेल.

बाबा सेकंडहँडचं म्हणत होते. कंपन्यांतून निघालेले लॅपटॉप बॉडीला दणकट असतात, मला ते आवडतातही. पण विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि ११ ला साधारण इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची लागते. सातवी-सहावी कितीही स्वस्त मिळाली तरी नको. घ्यायचाच झाला तर विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पॉवरसीएफजी’ ही कमांड देऊन बॅटरी रिपोर्ट काढायचा: मूळ क्षमता आणि आजची क्षमता शेजारी शेजारी दिसतात. तो मी काढून देईन. पण पहिलं मशीन नवीन असावं असं मला वाटतं. वॉरंटी तुझ्या नावावर असते, आणि पहिल्या वर्षात चुका तूच जास्त करणार.

म्हणजे तिन्ही फोटो बाद. चौथा शोध: आय५-१२४५०एच किंवा आय५-१३४२०एच, नाहीतर रायझन ७५३०यू. वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, १६ जीबी, निदान एक स्लॉट पट्टीचा, ५१२ एसएसडी, उंच स्क्रीन. या मिश्रणाचे लॅपटॉप निघतात, पण शोरूमच्या दर्शनी टेबलावर नसतात, मागे असतात. दोन हजार वाचले तर माउस आणि बॅग घे. ट्रॅकपॅडवर ऑटोकॅड ही शिक्षा आहे. ऑटोकॅड आणि रेव्हिट विकत घ्यायचे नाहीत, ऑटोडेस्क विद्यार्थ्यांना फुकट देते. कॉलेजचा पुरावा लागतो, म्हणून ओळखपत्र हातात आल्यावर नोंदणी कर.

‘बिल नको असेल तर तीन हजार कमी’ असं कोणी म्हणालं तर ऐकायचं नाही, हे बाबांना आधीच सांगून ठेव. १८ टक्के जीएसटी किमतीतच असतो. पक्कं बिल, त्यावर सिरियल नंबर, आणि तो खोक्यावरच्या आणि मशीनच्या पोटावरच्या नंबराशी जुळवून बघायचा. वॉरंटी त्याच रात्री कंपनीच्या साइटवर तपास.

रविवारी जाताय म्हणालीस. दुकानात पोचलीस की मला फोन लाव, पण तो दुकानदाराच्या हातात देऊ नकोस, माझं त्यांच्याशी जमत नाही. टास्क मॅनेजरचा मेमरीचा फोटो पाठव, आणि लॅपटॉप उलटा करून खालचा एक.

तुझा,
काका