गॅस संपत नाही, गळतो

ऊन तापायला लागलं की पत्रांमध्ये गाडीच्या एसीच्या तक्रारी वाढतात. त्यातल्या काही निवडक प्रश्नांची ही उत्तरे.

प्रश्न : वर्धा रोडवर गाडी पळते तोवर एसी मस्त गार करतो. व्हरायटी चौकात सिग्नलला थांबलो की कोमट हवा येते. मेकॅनिक म्हणतो गॅस कमी आहे. भरून घेऊ का? (मनीषनगर)

इतक्यात नको. आधी पंखा बघा.

एसी गारवा तयार करत नाही, तो आतली उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकतो. डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये गॅस कमी दाबावर, शून्य अंशाच्या थोडं वरच उकळतो आणि त्यासाठी लागणारी उष्णता केबिनच्या हवेतून ओढून घेतो. मग कॉम्प्रेसर त्याला दाबतो. दाबलेला गॅस इतका तापतो की मे महिन्यातली ४५ अंशांची नागपुरी हवासुद्धा त्याच्यापेक्षा थंड ठरते. म्हणून तर रेडिएटरच्या पुढे बसवलेल्या कंडेन्सरमध्ये तो उष्णता सोडून पुन्हा द्रव होऊ शकतो. अट एकच, कंडेन्सरमधून हवा जात राहिली पाहिजे. धावत्या गाडीत ती आपसूक जाते. उभ्या गाडीत सगळी भिस्त पंख्यावर.

तुमच्या गाडीत नेमकं इथेच पाणी मुरतंय, असं लक्षणांवरून दिसतं. एसी लावून बॉनेट उघडा. पंखा फिरतो का, आणि जोरात फिरतो का? मोटर थकली की पंखा फिरताना दिसतो, पण हवा ओढत नाही. फ्यूज, रिले तपासा. कंडेन्सरच्या पातळ पत्र्यांत धूळ आणि किडे अडकले असतील तर साध्या पाइपच्या पाण्याने धुवा. वॉशिंग सेंटरचा जोरदार फवारा जवळून मारला तर ते पत्रे वाकतात आणि हवेची वाट कायमची बंद होते.

पंखा दुबळा असताना वरून गॅस भरला तर दाब आणखी चढतो, आणि सिग्नलवरची कोमट हवा गरम होते. गॅस खरंच कमी असण्याची शक्यता उरतेच, पण ती पंखा आणि कंडेन्सर तपासल्यानंतर. छोट्या इंजिनात आयडलिंगला कॉम्प्रेसरही हळू फिरतो, त्यामुळे नवतपात थोडा फरक पडणारच. तो मान्य करून टाका.

प्रश्न : दर एप्रिलमध्ये गॅस भरावा लागतो. कूलरमध्ये पाणी टाकतो तसंच हे समजायचं का? (नंदनवन)

मुळीच नाही. कूलरचं पाणी हवेत उडून जातं, म्हणून ते टाकावं लागतं. एसीचा गॅस बंद नळ्यांमध्ये तोच तो फिरतो. रबरी होजमधून आणि कॉम्प्रेसरच्या सीलमधून अगदी किंचित झिरपतो, पण त्याला वर्षं लागतात. एका मोसमात रिकामा होत असेल तर गळती आहे, आणि ती न शोधता गॅस भरणं म्हणजे दरवर्षी पैसे हवेत सोडणं.

गॅससोबत कॉम्प्रेसरचं तेलही फिरत असतं. त्यामुळे गळतीच्या जागी तेलकट, धूळ चिकटलेला डाग दिसतो. जोडावरच्या ओ-रिंग, गॅस भरायच्या वॉल्व्हची पिन, खडी लागलेला कंडेन्सर, ही नेहमीची ठिकाणं. कूलिंग कॉइलच गळत असेल तर डॅशबोर्ड खोलावा लागतो. तो खर्च मोठा, पण गॅस कमी असताना गाडी चालवत राहिलात तर तेल परत न आल्यामुळे कॉम्प्रेसर जातो, आणि तो त्याहून महाग.

दुरुस्तीनंतर दोन गोष्टींचा आग्रह धरा. निदान अर्धा तास व्हॅक्यूम, म्हणजे आतली हवा आणि ओल निघते. आणि गॅस वजनावर. किती ग्रॅम आणि कोणता, हे बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. लहान गाडीत तो साधारण अर्धा किलोच्या आसपास असतो. बहुतेक गाड्यांत आर-१३४ए, काही नव्या गाड्यांत आर-१२३४वायएफ. एकाच्या जागी दुसरा चालत नाही. कोणी स्वस्तातला स्वयंपाकाच्या गॅसच्या जातीचा पर्याय सुचवला तर तिथून निघा, तो पेट घेतो. उरलेला गॅस हवेत सोडूही देऊ नका. आर-१३४ए ओझोनला धक्का लावत नाही, पण १०० वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४०० पट उष्णता अडवतो.

प्रश्न : उन्हात उभी केलेली गाडी लवकर गार कशी करावी? (सदर)

काचा खाली करून गाडी थोडी पळवा, आतली तापलेली हवा आधी जाऊ द्या. मग काचा लावून एसी रिसर्क्युलेशनवर, म्हणजे आधीच गार झालेली हवा पुन्हा गार होते. लांबच्या प्रवासात मात्र अधूनमधून बाहेरची हवा घ्या. बंद केबिनमध्ये श्वासातला कार्बन डायऑक्साइड साठून पेंग येते, आणि समृद्धीवर पेंग परवडत नाही.

प्रश्न : डिसेंबरात पेंचच्या पहाटेच्या सफारीला निघालो, तर हीटर शेवटपर्यंत गार. हीटर लावला की पेट्रोल जास्त जातं का? (कामठी)

पेट्रोलचं आधी. हीटरला वेगळं पेट्रोल लागत नाही. इंजिन थंड ठेवणारं कूलंट गरम होऊन रेडिएटरकडे जातं, त्यातलंच थोडं डॅशबोर्डमागच्या हीटर कोअरमधून फिरतं. उष्णता फुकटातली, खर्च फक्त ब्लोअरच्या विजेचा.

आता हीटर गार का. एक प्रश्न मेकॅनिकला विचारा : उन्हाळ्यात गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंटची रेडिएटरकडची वाट बंद ठेवणारी झडप, काढून टाकलाय का? आपल्याकडे हा उद्योग सर्रास चालतो. थर्मोस्टॅट नसला की कूलंट पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरतं, आणि थंडीत इंजिन ८०-९० अंशांपर्यंत पोचतच नाही. मग हीटर गार, ॲव्हरेज कमी, इंजिनाची झीज जास्त. नवा बसवून घ्या, तो भाग फार महाग नाही. थर्मोस्टॅट जागेवर असेल तर कूलंटची पातळी आणि गरम-गार हवेची दिशा बदलणारी झडप बघा.

प्रश्न : पावसात काचेवर धुकं धरतं, आणि डावीकडच्या पायाशी पाणी साचतं. (हिंगणा रोड)

धुकं आतून असेल तर एसी चालू, बाहेरची हवा, झोत काचेवर, तापमान हवं तर वाढवा. कूलिंग कॉइल हवेतली ओल काढून घेते. बाहेरून धुकं धरत असेल तर काच फार गार झाली आहे, तापमान वाढवा आणि वायपर फिरवा.

कॉइलवर जमलेलं पाणी एका नळीतून गाडीखाली टपकतं. नळी तुंबली की ते मॅटवर येतं, ती साफ करून घ्या. पण पाणी चिकट असेल आणि गोडसर वास येत असेल तर ते कूलंट आहे, हीटर कोअर फुटलंय. तशी गाडी घेऊन गावाला निघू नका, इंजिन वाटेतच तापेल.